नेटवर गाजलेल्या वाक्यांचा आणि मीमचा उगम कसा शोधायचा?

पाटीपेन्सिल

गेल्या दहा-बारा वर्षांत नेटवरून मराठी माणसाच्या तोंडी बसलेल्या वाक्यांचा आणि मीमचा छोटा कोश करायचं काम हाती आहे. 'लाव रे तो व्हिडिओ', 'मी पुन्हा येईन', 'काय झाडी, काय डोंगार' ही आपली. शिवाय 'डोज' नावाचा कुत्रा, प्रेयसी सोबत असताना मागे वळून दुसऱ्या मुलीकडे बघणारा प्रियकर अशी बाहेरून येऊन इथे रुळलेली. प्रत्येक नोंदीत कुठून आलं, केव्हा आलं आणि कसं पसरलं एवढं हवं आहे. घोडं अडतं ते असं:

१. शोधात जे सगळ्यात जुनं सापडतं तेच पहिलं, असं धरायचं का?
२. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या गोष्टीचा माग लागतो का?
३. प्रसार दाखवायला गूगल ट्रेंड्सचा आलेख पुरतो का?
४. टिकटॉक गेल्यापासून २०१८ ते २०२० मधली मूळ चित्रफीत मिळत नाही. मग काय करायचं?

ढोबळ सल्ल्यापेक्षा नेमकं काय करायचं आणि कुठे फसायला होतं ते सांगितलंत तर उपयोग होईल.

---

दप्तरदार

आधी नोंदीचा तक्ता बदला. 'उगम' असा एकच रकाना ठेवलात तर प्रत्येक नोंदीवर वाद होणार. तीन रकाने करा: मूळ सामग्री कधी तयार झाली, ती मूळ संदर्भातून कधी सुटली आणि ज्यांना मूळ संदर्भ माहीतच नाही अशांच्या तोंडी कधी गेली. या तीन तारखांत काही तासांचं अंतर असू शकतं, दहा वर्षांचंही असू शकतं.

'ऑल युअर बेस आर बिलाँग टू अस' हे व्हिडिओ गेममधलं गाजलेलं इंग्रजी वाक्य घ्या. 'झिरो विंग' हा तोआप्लान कंपनीचा जपानी खेळ १९८९ चा, म्हणून पुष्कळ ठिकाणी वाक्याचं सालही १९८९ दिलेलं दिसतं. पण ते वाक्य मुळात नाणं टाकून खेळायच्या यंत्रातल्या खेळात नाहीच. नंतर मेगा ड्राइव्ह या घरी खेळायच्या यंत्रासाठी जी आवृत्ती निघाली तिच्या सुरुवातीच्या दृश्यांत ते आहे, आणि ते मोडकं इंग्रजी १९९२ च्या युरोपीय आवृत्तीतलं. तिथून ते खेळाडूंच्या चर्चांमध्ये शिरलं आणि फेब्रुवारी २००१ मध्ये एका फ्लॅश चित्रफितीमुळे सगळीकडे झालं. एकाच नोंदीत १९८९, १९९२ आणि २००१ अशी तीन सालं येतात आणि तिन्हींचा अर्थ वेगळा.

'डोज'चंही तसंच. कुत्रीचं नाव काबोसु, जात शिबा इनू. जपानमधल्या चिबा प्रांतात बालवाडीत शिकवणाऱ्या आत्सुको सातो यांनी आपल्या ब्लॉगवर फोटो टाकला तो फेब्रुवारी २०१० मध्ये. 'डोज' हे स्पेलिंग त्याच्याही आधीचं, २००५ च्या एका इंग्रजी बाहुल्यांच्या कार्यक्रमातलं. त्याचा या कुत्रीशी काही संबंध नव्हता. फोटो आणि शब्द एकत्र आले ते रेडिटवर, ऑक्टोबर २०१० मध्ये. कॉमिक सॅन्स फाँटमधली रंगीबेरंगी तुटक वाक्यं टंबलरवर जोडली गेली ती पुढे. २०१३ मध्ये ते घरोघर पोचलं आणि त्याच डिसेंबरात डोजकॉइन निघालं. म्हणजे फोटो, शब्द आणि अक्षरांची ढब या तीन गोष्टी तीन ठिकाणांहून आल्या. 'डोज कोणी बनवलं' याला एका नावाचं उत्तर नाही, आणि नोंदीत ते जबरदस्तीने देऊ नका.

मागे वळून बघणारा प्रियकर हा त्या मानाने सोपा. स्पेनमधल्या जिरोना शहरात अँतोनियो गिलेम या छायाचित्रकाराने २०१५ मध्ये विकाऊ फोटोंच्या साठ्यासाठी काढलेलं चित्र. जानेवारी २०१७ मध्ये तुर्की भाषेतल्या एका संगीतविषयक फेसबुक पानावर त्याचा विनोद झालेला दिसतो. उसळी मात्र ऑगस्ट २०१७ मध्ये, तिन्ही माणसांवर शब्द लिहिण्याची पद्धत रूढ झाल्यावर. हे महत्त्वाचं आहे. चित्र दोन वर्षं साठ्यात पडून होतं. ते चाललं ते त्यात तीन रिकाम्या जागा आहेत हे लोकांच्या ध्यानात आल्यावर.

आता चित्र शोधायची रीत.

सापडलेली प्रत तशीच शोधाला लावू नका. वरखालच्या अक्षरांच्या पट्ट्या कापा, कोपऱ्यातला शिक्का कापा, फक्त मधलं चित्र ठेवा. ते गूगल लेन्समध्ये टाकून 'तंतोतंत जुळणारे' हा विभाग पाहा. तसेच दिसणारे वेगळे फोटो आपल्याला नकोत. मग तेच चित्र टिनआय या चित्रावरून चित्र शोधणाऱ्या संकेतस्थळावर टाका आणि निकाल 'सर्वात जुने' या क्रमाने लावा. डावं-उजवं उलटवलेली प्रतही दोन्हीकडे टाकून बघा, कारण चोरी लपवायला लोक चित्र हमखास उलटवतात. टिनआय दाखवतं ती तारीख चित्र प्रसिद्ध झाल्याची नसते, टिनआयच्या यंत्राला ते पहिल्यांदा दिसल्याची असते. ती तारीख 'याच्या आधी' एवढंच सिद्ध करते.

मग सापडलेल्या पानाचा पत्ता वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जुनी पानं जतन करणाऱ्या संकेतस्थळावर, घाला. पानाचा पत्ता रिकामा निघाला तर चित्राच्या फाइलचा थेट पत्ता घालून बघा. पान गेलं तरी चित्र राहिलेलं असतं, असं बऱ्याचदा होतं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. सगळ्यात जुनं सापडलेलं म्हणजे 'सगळ्यात जुनं टिकलेलं'. कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन यांनी :-) ही खूण सुचवली ती १९ सप्टेंबर १९८२ ला. तो मूळ संदेश वीस वर्षं हरवलेला होता. २००२ मध्ये जुन्या बॅकअप फितींतून तो काढला तेव्हा तारीख पक्की झाली. नोंदीत 'पहिला वापर' लिहू नका, 'आढळलेला पहिला वापर' लिहा.

---

उलटतपासणी

वरच्या प्रतिसादाला जोड. यूट्यूबच्या तारखेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. दोन बाजूंनी फसायला होतं.

एक म्हणजे तारीख खरी असते, पण ती वेगळ्याच प्रतीची. 'रिकरोल' ही थट्टा २००७ ची. दुव्यावर टिचकी मारली की रिक ॲस्टलीचं १९८७ चं गाणं सुरू. आज यूट्यूबवर जी अधिकृत चित्रफीत सगळे वापरतात ती चढवली आहे ऑक्टोबर २००९ मध्ये. नुसत्या तारखेवर गेलात तर थट्टा चित्रफितीच्या दोन वर्षं आधीची निघते. आधीच्या प्रती वेगळ्या खात्यांवर होत्या.

दुसरी बाजू जास्त वाईट. यूट्यूबवर चित्रफितीचं शीर्षक नंतर बदलता येतं, तारीख मात्र जुनीच राहते. एखादं वाक्य गाजलं की जुन्या, भलत्याच चित्रफितींच्या शीर्षकात ते घुसडणारे पुष्कळ असतात. मग शोधात दिसतं की वाक्य गाजण्याच्या दोन वर्षं आधीच ते वापरात होतं. अशा वेळी शीर्षक सोडा, चित्रफितीत ते वाक्य खरंच बोललंय का ते ऐका. खालच्या सगळ्यात जुन्या प्रतिक्रिया वाचा. तिथे वाक्याचा मागमूस नसेल तर शीर्षक नंतर चिकटवलेलं आहे.

बातम्यांच्या संकेतस्थळांवर हाच घोळ 'हेही वाचा'च्या चौकटीने होतो. बातमी २०१८ ची, बाजूची चौकट आजची. गूगलमध्ये तारखेची मर्यादा घालून शोधलं तरी ते पान येतं, कारण पानाची तारीख २०१८ आहे आणि तुमचं वाक्य त्या पानावर आहे. बातमीच्या मजकुरात ते वाक्य नसेल तर पान सोडून द्या.

---

आलेखवाला

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. गूगल ट्रेंड्स वापरा, पण तो काय मोजतो ते नोंदीत एका ओळीत सांगा. तो वापर मोजत नाही, शोध मोजतो. आणि शोधणारा कोण? ज्याच्या कानावर वाक्य पडलं पण मूळ हाती आलं नाही तो. ज्याला घरच्या गटात ध्वनिफीत आयती मिळाली तो कशाला शोधेल? म्हणून व्हॉट्सॲपवर वाढलेल्या वाक्याचा आलेख नेहमी उशिरा चढतो आणि खऱ्यापेक्षा बुटका दिसतो.

आकडे ० ते १०० असतात आणि १०० म्हणजे निवडलेल्या काळातलं सगळ्यात वरचं टोक. काळ बदलला की सगळे आकडे बदलतात. दोन वेगवेगळ्या आलेखांतले आकडे शेजारी ठेवू नका. दोन वाक्यांची तुलना करायची तर दोन्ही एकाच आलेखात घाला. विदा, म्हणजे डेटा, २००४ पासूनची आहे. सात दिवसांपर्यंतचा काळ निवडलात तर तासातासाचे बिंदू मिळतात, काही महिन्यांचा निवडलात तर दिवसाचे, पाच वर्षांपर्यंत आठवड्याचे आणि त्यापुढे महिन्याचे. उड्डाणाची तारीख हवी असेल तर आधी पाच वर्षांच्या आलेखावर टोक शोधा, मग त्या टोकाभोवतीचे सात दिवस उघडा. महिन्याच्या आलेखावरून दिवस सांगणारे लेख पाहिले की हसावं की रडावं कळत नाही.

जानेवारी २०१६ आणि जानेवारी २०२२ ला आलेखावर छोटी खूण दिसते. तिथे गूगलने विदा गोळा करायची पद्धत सुधारली आहे. नेमक्या त्या रेघेवरचा चढउतार वाक्याच्या माथी मारू नका.

मराठीसाठी वेगळी काळजी: देवनागरी आणि रोमन हे त्याच्या लेखी दोन स्वतंत्र शब्द आहेत आणि पुष्कळ मराठी माणसं शोधताना रोमनमध्येच टंकतात. सगळी रूपं अधिकच्या चिन्हाने जोडून एकाच चौकटीत लिहा, म्हणजे बेरीज मिळते.

---

माणदेशकर

'काय झाडी' हे तुमच्या कोशातलं सगळ्यात चांगलं प्रकरण ठरेल, कारण त्याचा प्रवास जवळजवळ टप्प्याटप्प्याने दाखवता येतो. राजकारण बाजूला ठेवून फक्त वाक्याकडे बघतो.

जून २०२२. शिवसेनेचे फुटलेले आमदार आधी सुरतेत आणि मग २२ जूनपासून गुवाहाटीच्या हॉटेलात. त्यांतले सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं एका कार्यकर्त्याशी फोनवर बोलणं झालं, त्याची ध्वनिफीत बाहेर आली आणि 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' हे तीन तुकडे आणि शेवटचं 'ओक्के' चार दिवसांत महाराष्ट्रभर झालं. आमदार २९ जूनला गुवाहाटीहून निघाले, म्हणजे जन्म आणि उड्डाण दोन्ही एका आठवड्याच्या आतलं. दप्तरदारांचे तीन रकाने इथे जवळपास एकावर एक येतात.

इतक्या झपाट्याने का पसरलं याची कारणं नोंदीत द्यायला हवीत, आणि ती वाक्यातच आहेत.

पहिलं कारण, ती नुसती ध्वनिफीत होती. तिला चित्र नव्हतं. त्यामुळे ज्याने त्याने आपलं चित्र लावलं: कोणी सह्याद्री, कोणी गावाकडचा माळ, कोणी खड्ड्यांचा रस्ता. चित्रफीत असती तर बोलणाऱ्याचा चेहरा सगळीकडे तोच राहिला असता.

दुसरं कारण साच्याचं. 'काय अमुक, काय तमुक, काय फलाणं' यात तीन रिकाम्या जागा आणि शेवटी ठरलेला निकाल. काय पाऊस, काय ट्रॅफिक, काय लोकल, एकदम ओक्के. कौतुकालाही चालतं, टोमण्यालाही चालतं. फक्त एकाच अर्थाने वापरता येणारं वाक्य त्या बातमीबरोबरच संपतं.

तिसरं, लय. तीन 'काय' एका वजनाचे पडतात, म्हणून ताल लावायला काही कापावं लागत नाही. पाठोपाठ गाणी आली ती त्यामुळे. ऑगस्ट २०२० मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, यशराज मुखाटे यांनी एका हिंदी मालिकेतल्या जुन्या प्रसंगातलं 'रसोडे में कौन था' तालावर बसवलं तेव्हा हेच दिसलं होतं. मालिकेतला तो प्रसंग अनेक वर्षं तसाच पडून होता, ताल लागल्यावर उठला.

चौथं म्हणजे बोली. 'डोंगार', 'हाटील', 'ओक्के' हे उच्चार सांगोल्याकडचे. वर्तमानपत्रांनी काही ठिकाणी 'डोंगर', 'हॉटेल' असं शुद्ध करून छापलं आणि वाक्याचा अर्धा जीव गेला. तुमच्या कोशात जसं ऐकू येतं तसंच लिहा आणि शुद्ध रूपं खाली 'इतर रूपं' म्हणून द्या. ती द्यायलाच हवीत, कारण शोध त्या रूपांनीही होतो.

आता फसायची जागा. हे वाक्य नंतर खुद्द पाटील यांनी कॅमेऱ्यांपुढे पुन्हा पुन्हा म्हटलं आहे. चेहरा दिसणाऱ्या त्या चित्रफिती बघणाऱ्याला मूळ वाटतात. त्या मूळ नाहीत. वाक्याला दाद मिळाल्यावरच्या आहेत. ध्वनिफितीतला फोनचा आवाज आणि समोरच्या माणसाचं बोलणं असेल तर ती मूळ फितीची प्रत.

आणि पुढचा टप्पा विसरू नका, तो बहुतेक जण गाळतात. ऑगस्ट २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात विधान भवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी '५० खोके, एकदम ओक्के' ही घोषणा दिली. झाडी, डोंगार, हाटील गळून पडलं. शेपूट तेवढं सुटलं आणि दुसऱ्याच वाक्याला जोडलं गेलं. गाजलेलं वाक्य अख्खंच्या अख्खं फार काळ टिकत नाही, त्याचा एखादा तुकडा टिकतो. कोशात ही दुसरी नोंद वेगळी करा आणि दोन्हींना एकमेकींचा हवाला द्या.

उरलेल्या दोन्हींबद्दल थोडक्यात. 'लाव रे तो व्हिडिओ' ला एक तारीख देऊच नका. राज ठाकरे यांच्या एप्रिल २०१९ मधल्या सभांत ते वारंवार आलं; मूळची ती पडद्यावर फीत लावणाऱ्याला दिलेली साधी सूचना होती आणि पुनरावृत्तीनेच ते वाक्य झालं. तिथे 'एप्रिल २०१९, प्रचारसभा' असा काळाचा पट्टा लिहा. 'मी पुन्हा येईन' याच्या उलट. देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री असताना जुलै २०१९ मध्ये विधानसभेत ते बोलले. भडका उडाला तो ऑक्टोबरच्या निकालानंतर, नोव्हेंबर २०१९ मध्ये, सरकार बनता बनत नव्हतं तेव्हा. मधले महिने ते वाक्य प्रचारात होतं, पण विनोदात नव्हतं. परिस्थिती उलटल्याशिवाय त्यात टोमणा येत नव्हता. पुढे जून २०२२ आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा वर आलं, आणि शेवटच्या खेपेला टोमणा म्हणून नव्हे, समर्थकांची आरोळी म्हणून.

---

पाटीपेन्सिल

माणदेशकर, हे फारच कामाचं. तुकड्याची वेगळी नोंद करायचं सुचलंच नसतं. आता दोन उपप्रश्न. ट्विटरवरची, म्हणजे आताच्या एक्सवरची, जुनी नोंद पुसली गेली असेल आणि फक्त तिचा दुवा कुठे तरी उद्धृत असेल तर वेळ कळते का? आणि 'व्हॉट्सॲप' असलेली काही वाक्यं शोधात एकदा सापडतात, एकदा सापडत नाहीत, असं का होतं?

---

बिंदूविसर्ग

दोन्हींची उत्तरं आहेत.

ट्वीटच्या दुव्याच्या शेवटी जो लांबलचक आकडा असतो त्यातच वेळ दडलेली असते. तो आकडा ४१९४३०४ ने भागा, अपूर्णांक सोडा, उरलेल्यात १२८८८३४९७४६५७ मिळवा. येतात ते १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद, ग्रीनिच वेळेनुसार. एक हजाराने भागून कुठल्याही युनिक्स वेळ बदलकात घाला आणि आपल्या वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. नोव्हेंबर २०१० नंतरच्या सगळ्या ट्वीटना हे चालतं. त्याआधीचे आकडे नुसते अनुक्रमांक होते. ट्वीट पुसलेलं असलं तरी दुवा उरला असेल तर वेळ निघते. मजकूर अर्थातच निघत नाही, म्हणून 'या वेळेला हे ट्वीट होतं' एवढंच म्हणा.

एक्सेल वापरत असाल तर तो रकाना आधी 'मजकूर' प्रकारचा करा. हल्लीचा आकडा १९ अंकी असतो आणि एक्सेल १५ अंकांपुढे शून्यं घालतो. गंमत अशी की वेळेच्या हिशेबात त्याने मिलिसेकंदाचाही फरक पडत नाही, पण दुवा कायमचा मोडतो आणि ते महिन्याभराने लक्षात येतं.

दुसरी अडचण युनिकोडची, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकाची. 'ॲ' दोन प्रकारे टंकला जातो: एक स्वतंत्र अक्षर आहे, यू+०९७२, दुसरा 'अ' आणि वर चंद्र अशी जोडी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला ते वेगळे शब्द वाटतात आणि युनिकोडचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करण्याची प्रक्रिया, केलं तरी ते एक होत नाहीत. तिसरं रूप 'ऍ', तेही सर्रास चालतं. वाक्यात ॲ असेल तर तिन्ही रूपांनी शोधा. 'ऱ्या', 'ऱ्हा' ला अदृश्य जोडचिन्हाचा असाच त्रास आहे. काही कळफलक ते घालतात, काही घालत नाहीत. शिवाय जुन्या श्रीलिपी वगैरे फाँटांतला मजकूर चित्र करून टाकलेला असेल तर तो शोधात येणारच नाही. चित्र लेन्सला देऊन त्यातली अक्षरं काढा. देवनागरी तो बऱ्यापैकी वाचतो, जोडाक्षरं तेवढी तपासून घ्या.

एक्सच्या शोधात तारीख घालताना 'सिन्स' आणि 'अनटिल' हे दोन शब्द, पुढे अपूर्णविराम आणि वर्ष-महिना-दिवस असं लिहायचं. 'अनटिल'ची तारीख स्वतः धरली जात नाही, आदल्या दिवसापर्यंतच मिळतं. २८ जूनपर्यंतचं हवं असेल तर २९ लिहा.

---

फॉरवर्डेश्वर

व्हॉट्सॲपचं सांगतो. तिथे बाहेरून शोध नाही, त्यामुळे माग म्हणजे जमेल तेवढे पुरावे गोळा करणं. पण पुरावे अगदीच नसतात असं नाही.

अँड्रॉइडवर आलेल्या चित्राचं नाव आयएमजी-२०२२०६२८-डब्ल्यूए०००३ अशा धाटणीचं असतं. मधला आकडा तारीख, शेवटचा त्या दिवशीचा त्या फोनवरचा अनुक्रमांक. ही तारीख त्या फोनवर आल्याची. चित्र तयार झाल्याची नव्हे. ओळखीच्या दहा-वीस फोनांवरून तेच चित्र मूळ नावासकट मागवा आणि सगळ्यात जुनी तारीख घ्या. पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. गॅलरीतून फोटो म्हणून पाठवलं तर तुमच्या फोनवर आजच्या तारखेचं नवं नाव लागेल आणि चित्र पुन्हा दाबलं जाईल. फाइलचं नाव हाताने बदलता येतं, म्हणून एकट्या फोनवरून निष्कर्ष नको. कॅमेऱ्याची माहिती, म्हणजे एक्झिफ, व्हॉट्सॲप काढून टाकतं. तिथे वेळ घालवू नका.

पुढची युक्ती फारशी कोणी वापरत नाही. जमवलेल्या प्रत्येक फाइलचा शा-२५६ ठसा, म्हणजे फाइलवरून गणिताने निघणारी ओळखखूण, काढा. नुसतं फॉरवर्ड केल्याने चित्र पुन्हा दाबलं जात नाही, तीच फाइल पुढे जाते. त्यामुळे ठसा जुळला तर दोन्ही प्रती सहसा एकाच साखळीतल्या. ठसा वेगळा पण चित्र तेच, म्हणजे मध्ये कोणी तरी स्क्रीनशॉट घेतला किंवा दुसऱ्या ॲपवरून आणून नव्याने चढवलं. अशाने पन्नास प्रतींचे चार-पाच गट पडतात आणि पसरण्याच्या वाटा किती होत्या याचा अंदाज येतो. 'चित्र धुरकट म्हणजे फार फॉरवर्ड झालेलं' हा समज त्यामुळेच चुकीचा. धुरकटपणा ॲप ओलांडल्याचा असतो.

दोन बाणांची 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' ही खूण पाच किंवा जास्त टप्पे झाल्यावर लागते. पण कोणी उतरवून घेऊन नव्याने पाठवलं की मोजणी शून्यावर. भारतात एका वेळी पाचच गप्पांत पाठवायची मर्यादा २०१८ मध्ये आली, आणि अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल ही एप्रिल २०२० मध्ये. २०१७ चं आणि २०२२ चं प्रकरण एकाच मापाने मोजू नका. नळाची तोटीच बदललेली आहे.

कोपऱ्यातले शिक्के थरांसारखे वाचा. शेअरचॅटचा शिक्का, त्यावर इन्स्टाच्या पानाचं नाव, त्यावर कोणा फेसबुक पानाची पट्टी. जो शिक्का अर्धवट कापलेला किंवा दुसऱ्याखाली झाकलेला तो आधीचा.

---

दप्तरदार

चौथा प्रश्न राहिला. टिकटॉकवर भारतात बंदी आली २९ जून २०२० ला. त्यामुळे इथल्या मूळ चित्रफितींचे दुवे मेले, पण प्रती पुष्कळ उरल्या आहेत. यूट्यूबवरची २०१९-२० मधली 'टिकटॉक संग्रह' छापाची लांब संकलनं चाळा. टिकटॉकवरून उतरवलेल्या चित्रफितीवर उड्या मारणारा शिक्का आणि वापरकर्त्याचं नाव असतं. त्यावरून खातं कळतं, आणि संकलनाची तारीख 'याच्या आधी' ही मर्यादा देते. बंदीनंतर तेच लोक रील्स, मोज, शॉर्ट्सवर गेले आणि आपलंच जुनं काम पुन्हा चढवलं. म्हणून जुलै ते सप्टेंबर २०२० मध्ये एकाच वाक्याचे ढीगभर 'पहिले' वापर सापडतात. ते सगळे पुनर्मुद्रण समजा.

गाणं किंवा आवाज शोधायचा असेल आणि शझाम हे गाणी ओळखणारं ॲप ओळखत नसेल, तर तो बहुधा वेग बदललेला असतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये वेग आणि पट्टी एकत्र बदलण्याची सोय वापरून पाच-पाच टक्क्यांनी मागेपुढे करून ऐकवा. नुसता वेग बदलणारी सोय नको, तिच्यात पट्टी तशीच राहते. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्याकडे धुमाकूळ घातलेलं 'मोये मोये' हे तेया दोरा या सर्बियन गायिकेचं मार्च २०२३ मधलं गाणं. शब्द लोकांनी ऐकू आले तसे लिहिले, त्यामुळे अक्षरांनी शोधण्यापेक्षा आवाजाने शोधणं तिथे सोपं.

---

उलटतपासणी

शेवटचं, कारण कोश छापणार असाल तर हे आधी ठरवावं लागतं. राजकारणी, गायक, छायाचित्रकार यांची नावं द्यायला हरकत नाही. पण ज्याचा फोटो किंवा वाक्य त्याच्या नकळत फिरलं अशा सामान्य माणसाचं नाव, गाव, शाळा देऊ नका, दहा ठिकाणी छापून आलं असलं तरी. २०२० मधल्या 'बिनोद' प्रकाराची नोंद 'स्लेपॉइंट या वाहिनीच्या जुलैमधल्या चित्रफितीतून, एका प्रेक्षकाच्या प्रतिक्रियेवरून' एवढ्यावर पूर्ण होते. मागे वळून बघणाऱ्या प्रियकराचं चित्र छापायचं असेल तर परवाना घ्यावा लागेल, ते विकाऊ साठ्यातलं आहे; चित्राचं वर्णन करून भागत असेल तर तसं करा.

आणि प्रत्येक दुवा सापडला त्याच दिवशी जतन करा. वेबॅक मशीनला 'आत्ता जतन करा'चा आदेश द्या, मग जतन झालेलं पान उघडून चित्र खरंच दिसतं का ते पाहा. इन्स्टा आणि फेसबुकच्या बाबतीत पुष्कळदा नुसतं प्रवेशाचं पान जतन झालेलं असतं. तिथे पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या, ज्यात पत्ता, खातं आणि तारीख तिन्ही दिसतील. 'तीन दिवसांपूर्वी' अशी सापेक्ष तारीख दिसत असेल तर संगणकावर तिच्यावर माऊस नेऊन पूर्ण तारीख उघडा आणि मगच स्क्रीनशॉट काढा.